डासांतील जिवाणू आणि जालन्याचे रांजण

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बदनापूर तालुक्याच्या हद्दीत, दावलवाडी हे गाव लागते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही संस्था स्थापन केल्यापासून या परिसराचे नाव बियाण्यांच्या संशोधनाशी जोडले गेलेले आहे, आणि कापसाच्या वाणाची चौकशी करणाऱ्या शेतकऱ्याला दावलवाडी ठाऊक नाही असे सहसा होत नाही. परंतु जानेवारी २०१७ मध्ये ऑक्सिटेक ही ब्रिटिश कंपनी आणि तिची भारतीय भागीदार गंगाबिशन भिकूलाल इन्व्हेस्टमेंट अँड ट्रेडिंग यांनी येथे उघड्या हवेतील जाळीबंद पिंजऱ्यांत जे प्रयोग सुरू केले, त्यांचा पिकांशी काही संबंध नव्हता. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका या विषाणुजन्य रोगांचा प्रसार करणाऱ्या एडिस इजिप्ती जातीच्या डासांची संख्या, त्याच जातीच्या जनुकीय फेरफार केलेल्या नरांकरवी घटविता येईल काय, याची ती परीक्षा होती.

या नरांची रचना मोठी विलक्षण होती. ओएक्स ५१३ ए या सांकेतिक नावाची ही जात प्रयोगशाळेत टेट्रासायक्लिन हे औषध मिळत असेतोवर निर्वेध वाढे. परंतु बाहेरच्या जगात तिच्या नरांचा रानटी माद्यांशी संयोग होऊन जी प्रजा निपजे, ती ते औषध न मिळाल्यामुळे प्रौढावस्थेस पोहोचण्यापूर्वीच जवळजवळ सर्व नष्ट होई. नर डास चावत नाही, म्हणून असे नर कितीही सोडले तरी माणसाला त्यांचा उपद्रव नाही, ही या योजनेची जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी, की नर सोडणे थांबले की शेजारच्या वस्तीतील डास मोकळी झालेली जागा थोड्याच काळात व्यापतात आणि मोहीम पुन्हा पहिल्यापासून उभारावी लागते. पुढे ऑक्सिटेकने स्वतःच ही जात बाजूस ठेवून दुसऱ्या पिढीच्या जातीकडे मोर्चा वळविला. ज्या जिल्ह्यात हा एक मार्ग इतक्या निकट येऊन गेला, तेथील वाचकाला त्याच्याहून सर्वस्वी वेगळ्या अशा दुसऱ्या मार्गाची सविस्तर ओळख करून द्यावी, असे मला मनापासून वाटते. कारण तो मार्ग डासाचा निर्वंश करू पाहत नाही, डासाला जिवंत ठेवून त्याच्या अंगची विषाणू वाहण्याची शक्तीच क्षीण करू पाहतो, आणि एकदा बसलेली घडी वर्षानुवर्षे टिकेल अशी त्याची मांडणी आहे.

तत्पूर्वी या डासाचे आणि मराठवाड्याच्या पाण्याचे नाते ध्यानी घेतले पाहिजे. एडिस इजिप्ती हा गटारातला डास नव्हे. घरातील साठविलेले, निवळ, स्थिर पाणी त्याला प्रिय; तो दिवसा चावतो; आणि जन्मस्थानापासून शे-दोनशे मीटरांपलीकडे सहसा जात नाही. याचा अर्थ असा की, ज्याच्या घरी डेंग्यू होतो त्याच्याच किंवा शेजाऱ्याच्या रांजणात बहुधा रोगाचे मूळ असते. जालना शहराने पाण्याची ओढाताण पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. निजामी अमदानीतील घाणेवाडीचा तलाव पुरेना, म्हणून पैठणच्या जायकवाडी जलाशयातून नळ आणावे लागले. २०१२-१३ च्या अवर्षणात टँकरची वाट पाहणे हाच शहराचा नित्यक्रम झाला. जेथे नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते, तेथे प्रत्येक गृहिणी आल्या पाण्याने रांजण, हौद, पिंप, टाकी, घागरी सारे काठोकाठ भरून ठेवणार, आणि त्यात तिचा काडीमात्र दोष नाही. आरोग्य खात्याचे कर्मचारी दारोदार जाऊन भांडी तपासतात, ॲबेट हे अळीनाशक टाकतात, गप्पी मासे सोडतात, 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' असे बजावतात; परंतु पुढचे पाणी केव्हा येईल याची शाश्वती नसलेल्या माणसाला भरलेला हौद ओतून द्यायला सांगणे किती अवघड आहे, हे तो उपदेश करणाऱ्या आशाताईला सर्वांहून अधिक कळते.

मादी आपली अंडी पाण्यात टाकीत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला, एकेक करून ती चिकटविते. ही अंडी खसखशीहून बारीक आणि काळी असल्यामुळे रांजणाच्या आत विजेरीचा उजेड तिरपा धरल्याखेरीज दिसतही नाहीत. पाणी ओतून दिले तरी ती भिंतीलाच राहतात, कोरडी पडली तरी मरत नाहीत, आणि कित्येक महिन्यांनी पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या बाहेर येतात. उन्हाळा संपल्यावर अडगळीत ठेवलेल्या कूलरची टाकी, अंगणात उलटा पडलेला टायर, गच्चीवरचे फुटके पिंप, हे सारे अशा सुप्त अंड्यांचे कोठार असते. म्हणून भांडे नुसते रिकामे करून भागत नाही; ते काथ्याने खरवडून घासावे लागते. या अंड्यांची आठवण वाचकाने ठेवावी, कारण पुढे सगळा प्रश्न त्यांच्यापाशीच येऊन अडतो.

रोगाची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ साली चिकुनगुनियाची साथ उद्भवली. त्यानंतर हा विषाणू भारतातून जणू लुप्त झाला असे वाटत असता, सुमारे बत्तीस वर्षांनी तो परतला आणि २००६ मध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात घरेच्या घरे सांधेदुखीने अंथरुणाला खिळली. डेंग्यूचे तर विषाणूच चार प्रकारचे. एकापासून बचावलेला मनुष्य दुसऱ्या प्रकाराला बळी पडू शकतो, किंबहुना दुसऱ्या खेपेचा आजार अनेकदा अधिक गंभीर असतो. विषाणूवर नेमका घाव घालणारे औषध वैद्यांच्या हाती नाही. तेव्हा सारा भार डासावर येऊन पडतो, आणि डास तर धूरफवारणीच्या औषधांना उत्तरोत्तर दाद देईनासे झालेले आहेत.

आता त्या जिवाणूकडे वळू. मार्शल हर्टिग आणि सिमियन बर्ट वोल्बाक या दोघा संशोधकांनी १९२४ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन परिसरातल्या क्युलेक्स डासांच्या पेशींत एक अतिसूक्ष्म जिवाणू पाहिला, आणि १९३६ साली हर्टिगने आपल्या सहकाऱ्याच्या नावावरून त्याला वोल्बाकिया असे नाव दिले. पुढची कित्येक दशके ही केवळ कीटकशास्त्राच्या दप्तरातील एक नोंद होती. आज आपल्याला ठाऊक आहे की कीटकांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे निम्म्या जातींत हा जिवाणू नांदतो: फळांवरच्या माशांत, फुलपाखरांत, कित्येक प्रकारच्या डासांत. आपल्या गटारांतून निपजून रात्री कानाशी गुणगुणणाऱ्या क्युलेक्स डासांतही तो निसर्गतःच असतो. म्हणजे जालनेकर ज्या डासांकडून रोज रात्री चावून घेतात, ते बहुतेक वोल्बाकियाधारीच असतात, आणि त्या जिवाणूपासून माणसाला कधी बाधा झालेली नाही. माणसाच्या वा गुराढोरांच्या पेशींत तो वस्ती करू शकत नाही. आश्चर्य एवढेच, की डेंग्यू पसरविणारा एडिस इजिप्ती मात्र निसर्गात या जिवाणूविनाच आढळतो.

वोल्बाकिया एका कीटकाकडून दुसऱ्याकडे स्पर्शाने वा चाव्याने जात नाही. तो केवळ मातेकडून अंड्यावाटे संततीकडे जातो. वारसा फक्त मातृपरंपरेने चालत असल्यामुळे, आपली वाहक मादी इतर माद्यांहून अधिक प्रजा मागे ठेवील अशी तजवीज त्याने उत्क्रांतीच्या ओघात करून ठेवली आहे. जिवाणूधारी नराचा जिवाणूविरहित मादीशी संयोग झाला, तर तिची अंडी उबतच नाहीत. जिवाणूधारी मादीने मात्र कोणत्याही नराशी संयोग केला तरी तिची अंडी उबतात आणि तिची सर्व संतती जिवाणूधारीच निघते. या विसंगतीचे कारण वोल्बाकियाच आहे, हे जॅनिस येन आणि राल्फ बार यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. परिणाम असा, की जिवाणूधारी डासांचे प्रमाण एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले की पुढचे काम ते स्वतःच करतात. दुधाला विरजण लावावे तसे थोडक्यानेच साऱ्या समुदायाचे रूप पालटते. दावलवाडीच्या पिंजऱ्यांतील नर आपल्या संततीबरोबरच संपत होते. येथे प्रत्येक पिढी पुढच्या पिढीला तो वारसा सोपविते.

तरीही या गुणाचा रोगनिवारणाशी संबंध काय, हा प्रश्न उरतोच. एडिस इजिप्तीच्या देहात हा जिवाणू असला म्हणजे डेंग्यूचा विषाणू त्यात नीट वाढू शकत नाही, हे २००९ च्या सुमारास प्रयोगाने सिद्ध झाले. पेशीतील मेद आणि इतर द्रव्ये यांसाठी दोघांत स्पर्धा लागते. शिवाय डासाची अंगभूत प्रतिकारशक्तीही जिवाणूमुळे सजग राहते. डेंग्यूग्रस्त माणसाला चावल्यानंतर सामान्यतः आठ-दहा दिवसांनी डास इतरांना रोग देऊ लागतो, कारण विषाणूला त्याच्या लाळेपर्यंत पोहोचायला तेवढा अवधी लागतो. वोल्बाकिया हा प्रवासच खुंटवितो.

एडिसमध्ये निसर्गतः नसलेला हा जिवाणू फळमाशीच्या देहातून घेऊन डासाच्या देहात रुजविणे ही गोष्ट सांगण्याइतकी सोपी नव्हती. डासाच्या ताज्या अंड्यात, केसाहून सूक्ष्म अशा काचेच्या सुईने, माशीच्या अंड्यातील द्रव टोचायचा; अशी हजारो अंडी टोचायची; त्यांतली बहुतेक मरू द्यायची; जी जगतील त्यांच्या संततीत जिवाणू टिकला की नाही हे पिढ्यान्‌पिढ्या तपासायचे. ऑस्ट्रेलियातील स्कॉट ओ'नील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या एका कामासाठी वर्षांमागून वर्षे वेचली. जानेवारी २०११ मध्ये केर्न्स शहराजवळच्या यॉर्कीज नॉब आणि गॉर्डनव्हेल या दोन वस्त्यांत त्यांनी जिवाणूधारी डास मोकळे सोडले. ते सोडणे काही आठवड्यांनी थांबविल्यावरही जिवाणूचे प्रमाण चढतच गेले, आणि थोड्याच महिन्यांत तेथील जवळजवळ सर्व एडिस वोल्बाकियाधारी झाले. पुढे हा उपक्रम टाउन्सव्हिल या संपूर्ण शहरात, आणि नंतर व्हिएतनाम, ब्राझील, कोलंबिया, श्रीलंका अशा अनेक देशांत पसरला.

सर्वांत निर्णायक पुरावा मात्र इंडोनेशियातील योग्यकर्ता शहराने दिला. शहराचे २४ विभाग पाडून, चिठ्ठ्या टाकून निवडावे तशा यदृच्छेने, १२ विभागांत डासांची अंडी ठेवण्यात आली; लोकांनी आपल्या घराच्या आडोशाला अंड्यांची छोटी बादली ठेवू दिली आणि ठरावीक मुदतीने कर्मचारी ती बदलून जात. ताप येऊन दवाखान्यात आलेल्या रुग्णांची तपासणी झाली तेव्हा, वोल्बाकियाच्या विभागांतील २,९०५ जणांपैकी ६७ जणांना, तर इतर विभागांतील ३,४०१ जणांपैकी ३१८ जणांना डेंग्यू असल्याचे निघाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार रोगाचे प्रमाण ७७ टक्क्यांनी आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ८६ टक्क्यांनी घटले. डासनियंत्रणाच्या कोणत्याही उपायाची इतक्या कसोशीने चाचणी घेतली गेल्याची उदाहरणे विरळा.

दीर्घकाळाचा प्रश्न यानंतरच सुरू होतो. केर्न्स परिसरात दहा वर्षांनंतरही जिवाणू टिकून असल्याचे आणि त्याचे स्वरूप फारसे न बदलल्याचे आढळले आहे, ही आश्वासक गोष्ट. परंतु त्याच केर्न्सजवळच्या मॅचन्स बीच येथे आणि व्हिएतनाममधील त्री गुयेन बेटावर जिवाणूचा दुसरा, अधिक जहाल वाण सोडला गेला, तेव्हा तो प्रारंभी पसरला आणि कालांतराने ओसरून गेला. कारण विषाणूला तो जितका रोखी, तितकाच स्वतःच्या यजमान डासालाही दुर्बळ करी. टिकाऊपणा हा एकूण जिवाणूचा गुण म्हणून गृहीत धरता येत नाही. तो त्या त्या वाणाचा आणि त्या त्या हवामानाचा गुण आहे.

येथे जालन्याचा मे महिना आड येतो. ज्या वाणाने केर्न्स आणि योग्यकर्ता जिंकले तो, म्हणजे फळमाशीचा वाण, उष्णतेला हळवा आहे. अळ्या ज्या पाण्यात वाढतात ते दुपारी पस्तीस-सदतीस अंशांपर्यंत तापत राहिले तर त्यांच्या अंगातील जिवाणूचे प्रमाण घटते आणि कधीकधी तो पुढच्या पिढीत पोहोचतही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये केर्न्सला बेचाळीस अंशांहून अधिक तापमानाची लाट आली, तेव्हा तेथील डासांत जिवाणूचे प्रमाण खाली आले आणि काही महिन्यांनी पूर्ववत झाले. तेथे ही लाट काही दिवसांचा अपवाद होता. आमच्याकडे चाळिशीपार जाणारे ऊन हा आठवडे चालणारा शिरस्ता आहे. माजघराच्या कोपऱ्यातील रांजण दुपारीही गार राहतो हे खरे. पण गच्चीवरचे काळे प्लॅस्टिकचे पिंप आणि उकिरड्यावरचा टायर यांतल्या पाण्याची स्थिती फार वेगळी असते.

यावर तोडगा म्हणून आशियाई वाघडासातून घेतलेला दुसरा वाण पुढे आला. तो उष्णता चांगली सोसतो. क्वालालंपूरच्या वस्त्यांत तो टिकला आणि तेथे डेंग्यू कमी झाला. परंतु २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक अडचण उजेडात आणली: या वाणाची अंडी दीर्घकाळ कोरडी पडून राहिली, तर त्यांतून निघणाऱ्या माद्यांपैकी अनेक वांझ निघतात. क्वालालंपूरला बाराही महिने पाऊस असतो, तेथे अंड्यांना फार काळ थांबावे लागत नाही. मराठवाड्यात नेमके याच्या उलट आहे. येथे उन्हाळ्यात पाणी आटते, भांडी कोरडी पडतात, अडगळीतल्या कूलरच्या टाकीत अंडी महिनेच्या महिने पावसाची किंवा पुढच्या चैत्राची वाट पाहतात. मृगाच्या सरींबरोबर ती उबतील तेव्हा जिवाणूधारी माद्या वांझ आणि जिवाणूविरहित माद्या सुपीक, असा उफराटा प्रकार झाला तर विरजण लागलेच नाही असे म्हणण्याची पाळी येईल. म्हणजे एका वाणाला जालन्याचे ऊन सोसवत नाही आणि दुसऱ्याला जालन्याचा कोरडेपणा. मला हा सर्वांत मोलाचा मुद्दा वाटतो, कारण तो कोणत्याही परदेशी यशोगाथेत सापडणार नाही. त्याचे उत्तर येथेच, याच भांड्यांत, याच ऋतुचक्रात शोधावे लागेल.

भारतात हे काम शून्यातून सुरू करावे लागणार नाही. पुदुच्चेरी येथील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाकडून जिवाणूधारी डासांची अंडी मिळविली, आणि त्यांतील माद्यांचा पुदुच्चेरीच्याच नरांशी पिढ्यामागून पिढ्या संकर केला. आईकडून जिवाणू आणि बापाकडून स्थानिक रक्त असा हा डास झाला, आणि इथल्या डासांच्या अंगवळणी पडलेली औषधे पचविण्याची शक्तीही त्यात उतरली, म्हणजे बाहेर सोडल्यावर तो तग धरील. फळमाशीचा आणि वाघडासाचा अशा दोन्ही वाणांच्या वसाहती सिद्ध झाल्याचे केंद्राने २०२२ मध्ये जाहीर केले, आणि शासनाची मंजुरी मिळाल्यावरच ते डास मोकळे सोडण्याचा मनोदय व्यक्त केला.

मंजुरीचा हा शब्द आपल्या देशात हलकेपणाने उच्चारता येत नाही, आणि त्याला कारण आहे. वोल्बाकियामुळे उद्भवणाऱ्या विसंगतीचा, तिचे कारण ठाऊक होण्यापूर्वीच, रोगनिवारणासाठी उपयोग करण्याचा आरंभीचा मोठा प्रयत्न १९६७ साली ब्रह्मदेशातील रंगूनजवळच्या ओक्पो या खेड्यात झाला होता. हानेस लाव्हेन या जर्मन शास्त्रज्ञाने विसंगत वाणाचे नर सोडून तेथील क्युलेक्स डासांची प्रजा खुंटविली. त्याच प्रेरणेने जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी दिल्लीत १९६९ च्या सुमारास एक संयुक्त विभाग उभारला, अमेरिकेच्या पैशाने, आणि हरियाणातील सोनीपत येथे एडिस डासांचा प्रयोग आखला. परंतु लोकांना आणि लोकप्रतिनिधींना वेळीच विश्वासात न घेतल्यामुळे, या माहितीचा उपयोग जैविक युद्धासाठी तर होणार नाही ना, असा संशय वृत्तपत्रांतून उठला. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ मध्ये त्यावर कठोर अहवाल दिला आणि सोनीपतचा प्रयोग आरंभापूर्वीच गुंडाळावा लागला. त्यामागे विज्ञान चुकीचे होते असे दिसत नाही. लोकांशी बोलण्याचे काम मात्र झाले नव्हते. त्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागली, कारण हे ज्ञान नंतर परक्या देशांत वाढले आणि आपल्याला ते अंड्यांच्या रूपाने तेथून मागवावे लागले.

माझे मत असे की, हा उपाय मराठवाड्यात यावा, आणि सार्वजनिक संस्थेच्या हातून यावा. परंतु योग्यकर्ताचे आकडे दाखवून जालन्यात डास सोडण्याची घाई कोणी करू नये. प्रथम जालन्याच्या रांजणांत, कूलरच्या टाक्यांत आणि गच्चीवरच्या पिंपांत दोन्ही वाणांची अंडी निदान दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे जाळीबंद ठिकाणी पारखली जावीत. जिल्हा हिवताप कार्यालयाने रुग्णांची पक्की नोंद आतापासूनच ठेवावी, म्हणजे पुढे फरक पडला की नाही ते दाखविता येईल. आणि ज्या गावात पहिली बादली ठेवायची त्या गावच्या ग्रामसभेत, ज्या प्रभागात ठेवायची तेथील स्त्रियांच्या बैठकीत, सर्व गोष्टी मराठीत, न लपविता सांगितल्या जाव्यात, 'सुरुवातीला तुम्हाला डास थोडे अधिक चावतील' हेही. दावलवाडीत पिंजरे उभे राहिले तेव्हा शेजारच्या खेड्यांतील किती माणसांना ते कशासाठी आहेत हे समजले होते, असा प्रश्न पुढच्या खेपेस कोणाला विचारावा लागू नये.

आणि हा डास जालन्यात यायला काही वर्षे लागणार, हे गृहीत धरून वाचकांस एक विनंती. तोवर ॲबेट घेऊन दारी आलेल्या आशाताईला माघारी पाठवू नये. हौदाचे झाकण उघडून दाखवावे. आणि या वर्षी कूलर अडगळीत टाकण्याआधी त्याची टाकी काथ्याने घासून, उन्हात वाळवून मगच ठेवावी.